माझ्यामागे पाटलीची व्यवस्था

लिहून ठेवणार गोजरबाई कोम कैलासवासी दगडू कासार, वय सत्तरीच्या आसपास, धंदा बांगड्यांचा, राहणार शेवगाव, जिल्हा अहमदनगर. कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसे की, माझी छाती आता भरवशाची राहिली नाही, पण डोके शाबूत आहे. नजर अधू झाली तरी काचेची बांगडी नुसती वाजवून तिला चीर गेली आहे की नाही हे मी अजून सांगते. मला कोणी भुलवलेले नाही, धमकावलेले तर नाहीच. तसा माणूस शेवगावात जन्माला यायचा आहे. मी बोलते आणि मार्तंडराव दस्तलेखक लिहितात. मी म्हणेन तसेच लिहायचे, असे त्यांच्याकडून आधी कबूल करून घेतले आहे.

कलम पहिले. मार्तंडराव म्हणाले, आधी स्थावर लिहायचे असते. मी म्हणाले, जी स्थावर व्हायला लागली तिचेच आधी लिहा. माझ्या मालकीची पाटली नावाची तांबडी तट्टू घोडी, कपाळावर पांढरा टिळा, ही मी मढीच्या यात्रेतून शिंगरू असताना आणली. माझ्या हातात सोन्याची पाटली कधी यायची नव्हती, म्हणून हिचे नाव पाटली ठेवले. हिच्या पाठीवर बांगड्यांच्या पेट्या लादून मी आठवड्याचे सगळे बाजार केले. खळगा दिसला की ही आपणहून पाऊल आखडायची. माझ्या हातून बांगड्या पिचल्या असतील, हिच्या पाठीवरून क्वचितच.

आता तिचे पुढचे दोन्ही गुडघे सुजलेले असतात आणि सांधे धरले आहेत. बसली तर उठता येत नाही हे तिला कळून चुकले आहे, म्हणून ती बसतच नाही, भिंतीला टेकून उभ्यानेच झोपते. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले आहेत. त्यांनी खोटी आशा लावली नाही. म्हणाले, "आजी, सांधे नवे होत नसतात. दुखणं कमी करू, तेवढंच आपल्या हातात."

सबब ही घोडी मी माझी शेजारीण कडूबाई कोम सहादेव हिला देते. नाव कडू, जीभ त्याहून कडू, पण हात गोड. गेल्या उन्हाळ्यापासून दुष्काळी कामावर खडी फोडून येताना तिने पदरात मूठमूठ गवत आणले, तेव्हा तिच्या घरात माणसांच्या खाण्याचीच मारामार होती. तिला सूचना अशा. रोज निरगुडीचा पाला उकळून गुडघे शेकावेत, मग तिळाचे तेल हलक्या हाताने, वरून खाली. वैरण उंचावर ठेवावी, मान खाली घालायला लावू नये. पायाखाली भुसा किंवा पाचट कायम असावे. दुखते म्हणून बांधून ठेवू नये. ऊन अंगावर आले की वेशीपर्यंत न्यावी. पहिली पावले लंगडेल, तेव्हा ओढायचे नाही. मग तीच मोकळी होते. आणि तिच्याशी बोलत राहावे. तिला माझ्या शिव्यांची सवय आहे, गोड बोललात तर घाबरेल.

कलम दुसरे, घर. हे घर वडिलोपार्जित नाही, नवऱ्याचे नाही, माझ्या आणि पाटलीच्या कमाईचे आहे. माझा पुतण्या मच्छिंद्र याची त्यावर नजर आहे, हे तोही नाकारणार नाही. पोरगा वाईट नाही. पण दिवाळीत येऊन घोडीकडे बघत म्हणाला, "काकू, देवाला सोडून देऊ तिला. पुण्य लागंल." मी म्हणाले, "देव काय तिचे गुडघे चेपायला बसलाय व्हय रं?" देवाला सोडायची म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी दावे काढून माघारी यायचे. ज्या जनावराला उंबरठा ओलांडवत नाही ते पाण्यापर्यंत कसे जाणार? सोडली हा शब्द कानाला बरा लागतो, म्हणून माणसे वापरतात. माझ्या घोडीला कोणी कोणत्याही देवाला सोडू नये.

तेव्हा मार्तंडरावांनी तोडगा काढला होता की, घोडी जिवंत असेतोवर कडूबाईने या घरात राहावे, आणि मागाहून घर मच्छिंद्राकडे जावे. मला पटले. तसे लिहूनही झाले. कडूबाई आज ना उद्या निघावे लागेल अशा दुसऱ्याच्या पडवीत संसार करते. तिला वाचून दाखवले तेव्हा ती हसून म्हणाली, "मग मावशी, मी तिला मरूच द्यायची न्हाई."

ती हसली, पण मला त्यातली मेख दिसली. मच्छिंद्र घोडी कधी मरते याची वाट बघत बसणार आणि कडूबाई छपरासाठी तिला कशीबशी उभी ठेवणार. दोघांचाही दोष नाही, दोष त्या अटीचा. ज्या दिवशी पाटलीचे खरोखर संपलेले असेल, त्या दिवशी तिच्याकडे घर मधे न आणता बघणारे एक तरी माणूस हवे. म्हणून तो कागद मी फाडायला लावला. आता असे लिहा: घर, मागची पडवी आणि कडुलिंबाखालची जागा कडूबाईला कायमची दिली. घोडी दहा वर्षे जगो की माझ्या पाठोपाठ आठ दिवसांत जावो, घर तिचेच. त्याला कसलीही अट नाही.

मच्छिंद्राची बायको बनुबाई हिचा हात हलका आहे, बांगडी चढवताना पोरीबाळी रडत नाहीत. सबब सगळा माल, पेट्या आणि बाजारातली बसायची जागा तिला. मच्छिंद्राला नव्हे, तिला. माझ्या चितेला अग्नी मात्र मच्छिंद्रानेच द्यावा. काकू रागावली होती, परकी झाली नव्हती.

माझे दीर आप्पासाहेब यांना मी काही ठेवत नाही. मी विधवा झाले तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "रांडव बाईच्या हातून सवाष्णींनी काकणं भरायची का?" बाजारात मी पेटी उघडून बसले आणि बाया लांबून बघून जाऊ लागल्या. त्या दिवशी पहिला हात पुढे केला तो कडूबाईने. नवी नवरी होती, पोटुशी. "भरा मावशी, हिरवी," म्हणाली. मग रांग लागली. आप्पासाहेबांचेही गुडघे आता धरले आहेत असे ऐकते. निरगुडीचा पाला हवा असेल तर कडूबाईकडे मागावा. ती दोन शब्द ऐकवील, पण देईल.

कलम शेवटचे, आणि हे मार्तंडरावांनी नीट अक्षरात लिहावे. एक सकाळ अशी येईल की पाटली खाली बसलेली सापडेल आणि आधार देऊनही उठणार नाही. वैरणीला तोंड लावणार नाही. कडूबाई, तेव्हा नवस करू नकोस. डॉक्टरांना बोलाव, त्यांना मी सांगून ठेवले आहे, सुई द्यायची. तिचे डोके मांडीवर घे आणि माझ्या शिव्या तिच्या कानात घाल, तुला सगळ्या पाठ आहेत. कडुलिंबाखाली खड्डा खोल घ्यावा.

गाव विचारील. कोणी म्हणेल मारली, कोणी म्हणेल सुटली. आम्ही कासार, बांगडी फुटली असे आमच्या घरात कधी म्हणत नाही, वाढवली म्हणतो. माझा नवरा गेला तेव्हा बायांनी दगडाने माझ्या हातातल्या फोडल्या, आणि फोडल्याच म्हणाल्या. तो शब्द मी आजवर विसरले नाही. तू तसे बोलू नकोस. दारात उभी राहून सांग, गोजरबाईची पाटली वाढवली.

हे मृत्युपत्र मला दोनदा वाचून दाखवले, बरोबर आहे.

मुक्काम शेवगाव, तारीख ९ फेब्रुवारी १९७३

गोजरबाई कोम कै. दगडू कासार
निशाणी बांगडी (अंगठा नको म्हणाल्या. दस्तुर मार्तंड जोशी, दस्तलेखक)

साक्षीदार:
१. राधाकृष्ण नालबंद, राहणार शेवगाव, सही
२. छबूबाई कोम कानिफनाथ, राहणार शेवगाव, निशाणी बांगडी