गुडघ्याची तक्रार, डोक्याचा निकाल

चामराजपेट, बेंगळुरू

ती. नीलिमाअक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझी धारवाडची हवा, रक्तदाबाची गोळी आणि गच्चीवरच्या माकडांशी चाललेलं भांडण सगळं व्यवस्थित असेल, असं धरून चालतो (विचारलं तर तू चार पानं लिहिशील, आणि आज पानं मला हवी आहेत). माझं डोकं फिरलं आहे. ते अजून फिरू शकतं, याचा पुरावा म्हणून हे पत्र जपून ठेव.

सोमवारी उजवा गुडघा दाखवायला इस्पितळात गेलो. ज्येष्ठ नागरिकांचा विभाग वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. बावन्न पायऱ्या चढलो (मोजाव्या लागल्या नाहीत, गुडघ्यानेच मोजल्या). वर कळलं की नोंदणी मोबाइलवरच करायची. हे थरथरत्या बोटांच्या तीस म्हाताऱ्यांना सांगितलं, आणि तेही हिंदीत. तीन तासांनी आत घेतलं. डॉक्टर वल्लरी नावाच्या मुलीने गुडघ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "अंकल, सत्तरच्या पुढच्या सगळ्यांची मेमरी चेक करतो," म्हणाली आणि कागद काढला.

आजची तारीख? मी म्हणालो, वद्य नवमी. अगदी बरोबर होती. शून्य. मजला कितवा? बावन्न पायऱ्यांवरून मी दुसरा म्हणालो. भिंतीवर पहिला लिहिलेला होता. शून्य. मग एका जनावराचं चित्र दाखवलं. अक्का, चिकपेटेत चाळीस वर्षं साड्या विकल्या, दुकानात पाणघोडा कधी आला नाही. शेवटी पाच शब्द लक्षात ठेवायला दिले. माझी स्मरणशक्ती गेली म्हणतात, पण ते शब्द मला आजही घडाघडा येतात: कात्री, देऊळ, पोपट, छत्री.

निकाल माझ्या हातात न देता थेट कार्तिकच्या फोनवर पाठवला. वडील मी की तो, हेही कुणी विचारलं नाही. संध्याकाळी चिरंजीव हजर. "अप्पा, एकटं राहणं आता सेफ नाही. महादेवपुऱ्यात माझ्या फ्लॅटजवळच छान निवास आहे. स्वल्प ॲडजस्ट करा." माहितीपत्रकात माझ्या वयाची माणसं हातात फुगे धरून हसत होती. मी त्याला म्हणालो, या लोकांचे गुडघे कोण बघतं ते विचारून ये. पुढच्या शुक्रवारी पुन्हा परीक्षा आहे. नापास झालो तर या घराला कुलूप आणि माझ्या हातात फुगा. वर आश्लेषा सूनबाई म्हणते, "टेन्शन घेऊ नका, अभ्यास करू नका, नॅचरल उत्तरं द्या." नॅचरलच दिली होती ना.

मी कुणाला घाबरत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझा धाकटा,
पुरुषोत्तम

ता. क. लहानपणी तू पाढे म्हणून घ्यायचीस, तसा त्या शुक्रवारपर्यंत रोज सहा वाजता फोन कर आणि इंग्रजी तारीख, वार, महिना विचार. चुकलो तर तेव्हासारखीच ओरड. कार्तिकला मात्र कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. गुडघा अजून कुणीच पाहिलेला नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना पाचवा शब्द आठवला: किल्ली. या घराची एक किल्ली कार्तिकने परवा "असू दे माझ्याकडे" म्हणून नेली. दुसरी कुठे ठेवली आहे, ते तेवढं फोनवर मला विचारू नकोस.