चर्चला दिलेला टँकर

अप्पा, तुम्ही गेल्याला वीसहून जास्त वर्षं झाली, आणि त्या आगीला तीस होत आली असतील. एवढ्या काळात मी तुमच्याशी त्या शनिवारबद्दल कधी धड बोलले नाही. भांडले खूप, पण ते बोलणं नव्हतं.

नवघरची आपली इमारत तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. गिरगावातली खोली सोडून आपण इथे आलो ते स्वतःचं संडास-बाथरूम मिळतंय म्हणून. त्यात पाणी येणार नाही हे घेताना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे टँकरसाठी नाक्यावरच्या फोनवर ताटकळणारा माणूस. मे महिना होता. ताई बाळंतपणाला आलेली, बाळ अकरा दिवसांचं, आणि टाकीत तीन दिवस थेंब नाही. लंगोटांचा ढीग मोरीत पडलेला, त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. बी.कॉम.ची शेवटची परीक्षा देऊन मी घरी बसले होते आणि सगळ्यांवर चिडत होते.

सकाळी नऊच्या सुमारास टँकर फाटकातून आत येतो. तुम्ही खालच्या टाकीचं झाकण उघडायला वाकलेले आहात. मी दोन बादल्या घेऊन ड्रायव्हरकडे जाते आणि सांगते, "अप्पांनी सांगितलंय, आधी आमच्या भरा." तुम्ही असं काहीच सांगितलेलं नाही. तो मागचा नळ सोडतो. वर जाताना जिन्यात समोरच्या ब्लॉकमधल्या काकू भेटतात, बादल्यांकडे बघतात आणि खाली जातात. आईने पाणी पिंपात ओतलं, वर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "त्यांना कळू देऊ नकोस."

मी गॅलरीत आले तर मिठागरांच्या पलीकडे, गावातल्या चर्चवर काळा धूर. ते चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं, असं सगळेच म्हणायचे. आपण कधी आत गेलो नव्हतो. तेवढ्यात स्कूटरवरून दोघं आले. मागे बसलेल्या म्हाताऱ्याची बाही जळून दंडाला चिकटली होती. तो तुम्हाला म्हणाला, "साहेब, बंबाचा पानी संपला. इहिरीत पन न्हाय. ही गाडी द्या."

"आत कोणी अडकलंय?" तुम्ही विचारलंत.

"मानूस न्हाय. देव हाय आमचा."

टाकीत पाइप सोडून मिनिटही झालं नव्हतं. तुम्ही तो ओढून बाहेर काढलात. बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचे शेठ ओरडले, "सेक्रेटरीसाब, पहले अपनी टंकी भरो, फिर जिधर भेजना है भेजो." तुम्ही "दुसरा मंगवाता हूँ" एवढंच म्हणालात आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसलात. दुसरा टँकर आला सोमवारी.

टँकर पोचेपर्यंत छप्पर कोसळलं होतं. पुढची भिंत तेवढी उरली. दुपारी तुम्ही काजळीने माखून परत आलात आणि मी तुम्हाला दारातच म्हटलं, "दगडमातीसाठी तान्ह्या पोराचं पाणी दिलंत." तुम्ही चपला काढत म्हणालात, "माणसं घमेल्यांनी माती फेकत होती गं. म्हाताऱ्या बायासुद्धा." आईने पाय धुवायला तांब्या पुढे केला. कुठलं पाणी, असं तुम्ही विचारलंत. "होतं कालचं थोडं," ती म्हणाली. काल घरात प्यायलाही नव्हतं, पण तुम्ही पाय धुतलेत.

रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. एवढी माणसं गणपतीलाही जमली नव्हती. कुणी म्हणालं, देऊळ असतं तर समजून घेतलं असतं. कुणी म्हणालं, जळून गेलंच ना शेवटी, मग आमचं पाणी कशाला घालवलंत. एकाने तर हसत विचारलं की बाटून बाप्तिस्मा कधी घेताय. तुम्ही उभे राहून सगळं ऐकत होतात. मग काकू म्हणाल्या, "ह्यांना काय जातंय दान करायला? ह्यांच्या घरचं आधीच भरून झालं होतं. मी डोळ्यांनी बघितलंय."

तुमचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "माझ्या घरात त्या टँकरचा थेंब आलेला नाही. तुम्ही खोटं बोलताय. माझ्या मुलीला विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकूही बघत होत्या, अगदी शांतपणे. मी म्हटलं, "नाही आलं."

त्याच मीटिंगमध्ये तुम्हाला सेक्रेटरीपदावरून काढलं. नंतर महिनाभर आपल्या दारासमोर कचरा पडायचा. तो तुम्ही स्वतः भरायचात, मला हात लावू द्यायचा नाहीत. त्याच आठवड्यात तुम्ही गावात विचारपूस करायला गेलात, तर तिथे इमारतवाल्यांनीच जागेसाठी आग लावली अशी बोलवा उठली होती. एका तरुणाने तुम्हाला फाटकातच अडवलं. "आता कशाला आलाव? जागा मोजाला?" आग कशाने लागली ते कधीच कळलं नाही. घरी येऊन तुम्ही हे आईला सांगत होतात आणि मी आतून ऐकत होते. मला बरं वाटलं होतं, अप्पा. तुमची जिरली, असंच वाटलं होतं. तुमच्यापायी माझ्याशी जिन्यात कुणी बोलत नव्हतं ना.

काकूंशी तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत. "ती बाई खोटारडी आहे," हे तुम्ही आल्या-गेल्याला सांगायचात. तुम्ही तसे कुणाबद्दल वाईट बोलायचा नाहीत, फक्त तिच्याबद्दल. मी तिथेच भाजी निवडत बसलेली असायचे. आईही गप्प राहायची, पण तिला तुमची भीती होती. मला तुमची कधीच भीती नव्हती. खरं सांगितलं असतं तर तुम्ही फार तर दोन दिवस अबोला धरला असतात. मग जाऊन त्यांची माफी मागितली असतीत, सगळ्यांच्या देखत. मला तेच नको होतं.

गेल्या महिन्यात काकू मला भेटल्या. आता लेकाकडे बेव्हर्ली पार्कला असतात. मेडिकलच्या दुकानात बाकावर बसल्या होत्या, काठी घेऊन. मला त्यांनी लगेच ओळखलं. शेजारी बसवून घेतलं, ताईची चौकशी केली. ते बाळ आता बाप झालंय, हे ऐकून हसल्या. मग औषधाची पिशवी मांडीवर ठेवून म्हणाल्या, "तुझे वडील मला चारचौघांत खोटारडी म्हणाले होते. आठवतंय तुला?"

त्या रागाने विचारत नव्हत्या. वाट बघत होत्या. दुकानात आम्ही दोघी आणि काउंटरवरचा माणूस, बाकी कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "नाही हो काकू. खूप वर्षं झाली."