लाईलची काडतुसं आणि पाद्रीबाबांचा कोट

एल्म क्रॉसिंग, विस्कॉन्सिन
१४ एप्रिल

तीर्थरूप ऑरिन भाऊजी,

धाकट्या भावजयीचा तुम्हां उभयतांना नमस्कार. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेनं सांधे मोकळे होतात असं तुम्ही दर पत्रात लिहिता आणि दर पत्रात जाऊबाईंचा एखादा नवा सांधा धरलेला असतो, म्हणून विचारलं. इथे एप्रिल अर्धा सरला तरी गोठ्यामागचा बर्फ हललेला नाही. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, त्याचं कारण लाईलचं पिस्तूल. सगळं सविस्तर लिहिते.

तुमचा भाऊ गेला त्याला जूनमध्ये वर्ष होईल. ऑक्टोबरात नेमबाजी क्लबच्या हिवाळी स्पर्धेआधी गेलॉर्ड माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. (गेलॉर्ड म्हणजे संघाचा कप्तान. जन्मभर सरकारतर्फे डेअऱ्या तपासल्या, त्यामुळे कुणाच्याही घरात शिरला की आधी हवा हुंगतो.) संघ चौघांचा लागतो, तिघांचा कुणी घेत नाही, तेव्हा एक तर मी लाईलच्या जागी उभं राहावं नाहीतर सव्वीस वर्षांचा संघ मोडला असं समजावं, असं त्याचं म्हणणं. मी बावीस वर्षं क्लबात नेम मारतेय हे खरं, पण ते लहान पिस्तुलानं. लाईलच्या मोठ्या पंचेचाळीसच्या पिस्तुलासाठी मी फक्त शिशाच्या गोळ्या ओतायची. पितळी नळीत दारू भरून वर गोळी बसवायची, हे काम तो तळघरात एकटा करायचा आणि मला विचारलं तरी सांगायचा नाही. मी हो म्हटलं. गेलॉर्ड जाताना दोन वेळा म्हणाला की लाईलला बरं वाटलं असतं. लाईलला काय वाटलं असतं हे आजकाल गावात सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

लाईलनं भरून ठेवलेल्या काडतुसांवर ख्रिसमसपर्यंत छान चाललं. जानेवारीत शेवटचा डबा मी सरावात उडवून मोकळी झाले. नमुन्याला एक बाजूला ठेवावं एवढी अक्कल मला सुचली नाही. (चाळीस वर्षं लोणच्याच्या बरण्या भरणाऱ्या बाईनं असं करावं, याची लाज मला अजून वाटते.) मग मी स्वतः भरायला बसले. लाईलच्या वहीत दारू किती, कुठली, कुठल्या साली बदलली, सगळं लिहिलेलं होतं. काडतूस किती लांब असावं, या रकान्यात मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शब्द: 'नेहमीप्रमाणे'. भाऊजी, हा शब्द मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकलाय की वही भिंतीवर फेकावीशी वाटली.

तुम्हाला या गोळ्या ठाऊक आहेतच. टोक चपटं आणि खाली कापल्यासारखा खांदा, म्हणजे कागदावर पंच मशीननं पाडल्यासारखं स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना भांडण होत नाही. पण गोल टोकाची गोळी जशी सरळ घसरून पिस्तुलाच्या नळीत जाते तशी ही जात नाही. कोन जरा चुकला की खांदा नळीच्या काठाला अडतो, पिस्तुलाचा वरचा भाग अर्धवट मिटून थांबतो आणि काडतूस तोंड वर करून बघत बसतं. माझं दर तिसरं काडतूस असं बघायचं. दहा सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात. अडकलं तर हात वर करून पुन्हा संधी मागता येते, पण एका फेरीत एकदाच. फेब्रुवारीत मी इतक्या वेळा हात वर केला की पंचांना वाटलं मला काहीतरी शंका विचारायची आहे.

सल्ले भरपूर मिळाले. गेलॉर्ड म्हणाला स्प्रिंग मऊ झालीय, बदलली, तसंच. संघातला तिसरा, वेंडेल, म्हणाला मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतुसं धरणाऱ्या वरच्या कडा, आवळलेत, जरा मोकळे कर. मी पक्कड घेऊन मोकळे केले, तर भरलेल्या मॅगझिनमधून सगळी काडतुसं एकामागून एक टेबलावर उडाली. शेजारच्या क्लबचा एकजण, ज्यावरून गोळी नळीत चढते तो आतला उतार घासून द्यायला निघाला होता. त्याला मी सांगितलं की लाईलच्या पिस्तुलाला कानस लागली तर ती आधी तुझ्या दातांना लागेल. शेवटी गेलॉर्डनं गुरुमंत्र दिला: गोळीचा खांदा पितळी नळीच्या तोंडाबाहेर अंगठ्याच्या नखाच्या जाडीइतका ठेवायचा. मी माझ्या नखानं मापून दोनशे भरली. पूर्वीपेक्षा जास्त अडकली. मग त्याचं नख पाहिलं. ते एकदा गोठ्याच्या दारात चेंगरलेलं, खुराएवढं जाड.

त्या दिवशी मी तळघरात पायरीवर बसून रडले, हेही लिहून टाकते. दफनाच्या दिवशी नव्हते रडले. इतकी वर्षं गोळ्या ओतल्या, आणि हा माणूस त्या कशा बसवायचा हे मला ठाऊक नव्हतं.

मग आठवला तो कोट. लाईलचा तपकिरी कॅनव्हासचा कोट मी शरद ऋतूत चर्चच्या दानपेटीत दिला होता. आत डाव्या बाजूला एक चोरकप्पा होता, मीच शिवलेला, आणि लाईल सरावाहून येताना उरलेली काडतुसं त्यात टाकायचा. बाहेरचे खिसे मी देताना तपासले होते, तो विसरले. चौकशी केली तेव्हा कळलं, कोट पाद्री हालव्होर यांनी स्वतःसाठी ठेवून घेतलाय.

गाठले कुठे, तर चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला. सभागृहाच्या दारात, वाऱ्यात, तोच कोट घालून कूपनं गोळा करत उभे होते. दोन्ही हातांत कूपनं. मी सगळं नीट सांगणार होते, पण मागे रांग होती आणि तळलेला मासा गार होत होता. म्हणून मी बटणं सोडली आणि हात सरळ आत घातला. शंभर माणसं चावायची थांबली.

"अर्डिस," पाद्रीबाबा अगदी हळू म्हणाले, "काही हवंय का?"

"स्थिर उभे राहा," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याचं आहे ते."

त्यात दोन काडतुसं निघाली. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावानं माझ्या मनःशांतीसाठी प्रार्थना केली. उरलेल्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर अंगातला माझा कोटही न काढता मापलं. लाईलची काडतुसं माझ्या काडतुसांपेक्षा दोन पोस्टकार्डांच्या जाडीनं लांब होती, आणि पितळी नळीचं तोंड गोळीवर त्यानं माझ्यापेक्षा जरा घट्ट दाबलेलं होतं. बस, एवढंच. तो हिशेब धरून शंभर भरली, शंभरही गेली. वहीत त्या शब्दाच्या बाजूला मी आकडा लिहून ठेवला.

गेल्या शनिवारी अंतिम फेरी झाली. आमचा संघ सहांत तिसरा आला. पुढच्या वर्षीची जागा राहिली. (गेलॉर्डचंच पिस्तूल अडकलं, दोनदा. नवी स्प्रिंग.) माझे गुण लाईलपेक्षा बरेच कमी, पण एकदाही हात वर करावा लागला नाही. शेवटच्या पाच गोळ्या गेल्या, पिस्तूल रिकामं होऊन उघडं राहिलं, जसं राहायला हवं तसं, आणि मी ते खाली ठेवलं. तेव्हा लक्षात आलं की त्या दहा सेकंदांत मला लाईलची आठवण आली नव्हती. जूनपासून पहिल्यांदाच. आधी वाईट वाटलं, मग भूक लागली. परत येताना वेंडेलनं चीज घालून सँडविच खाऊ घातलं, मी दोन खाल्ली.

जाऊबाईंना नमस्कार. उन्हात टोपी घालत जा.

तुमची भावजय,
अर्डिस

ता. क. — मार्चच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की ते पिस्तूल मुळात मामंजींचं, आता घरात चालवणारं कुणी नाही, तेव्हा नीट गुंडाळून ॲरिझोनाला पाठवून दे. पाठवत नाही.

आणखी एक — जुलैत माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. ऑगस्टच्या मैदानी स्पर्धेपर्यंत मला नेम धरता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. संघाला चौथा माणूस लागतो. पिस्तूल इथे तेल घालून तयार आहे आणि काडतुसं मी भरून ठेवते. दोन आठवडे आधी या, सराव लागेल. लाईल म्हणायचा की चाप ओढताना तुम्ही डोळे मिटता. वरची खोली झाडून ठेवली आहे.

आणि शेवटचं — तुमचं नाव मी कालच दिलं. नाही म्हणायचं असेल तर गेलॉर्डला फोन करून सांगा, मला सांगू नका.