मेंढराचे केस

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही मोकळेच आहेत, कारण केसांना हात लावायची मला सक्त मनाई आहे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? माझं काय चाललंय ते तू विचारणार नाहीसच, म्हणून सांगते. मी केस सरळ करून घेतले. कायमचे. चष्म्याशिवाय लिहितेय, ओळी वरखाली झाल्या तर सांभाळून घे.

आता लगेच कपाळाला हात लावू नकोस. तुझ्याही डोक्यावर तेच जंगल आहे, पण तुझ्यामागे बाबांचा चहा, बाबांच्या गोळ्या, बाबांची आंघोळ आणि वर ऑफिस असं नसतं. माझी अर्धी सकाळ विंचरण्यात जायची, कंगव्याचे दात तुटायचे (एक तर साहेबांसमोर माझ्या डोक्यातून थेट फायलीवर पडला), आणि तोवर बाबा दारात उभे राहून ओरडायचे, 'मेंढरा, चहा आज मिळणार की उद्या?' म्हटलं, केस एकदाचे सरळ झाले की तेवढा वेळ बाबांजवळ बसता येईल. कुठून ही दुर्बुद्धी सुचली!

सलूनवालीनं हातमोजे घालून डोक्याला काहीतरी पांढरं फासलं. वास असा, की शेजारची बाई अर्धवट कापलेल्या केसांनिशी उठून लांबच्या खुर्चीत जाऊन बसली. मग धुणं, वाळवणं, आणि एकेक बट धरून गरम इस्त्री. डोक्यातून वाफा, डोळ्यांतून पाणी. सकाळी गेलेली मी दिवेलागणीला सुटले. निघताना तिनं बजावलं, तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागे घ्यायचे नाहीत आणि चष्मा लावायचा नाही, काडीचा वळ पडला तर बसलाच. म्हणजे पुढे केसांचा पडदा आणि मागे मी आंधळी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या चहात मीठ पडलं. यांना विचारलं, काही वेगळं दिसतंय का? यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, 'पंखा पुसलास वाटतं.'

तेही सोसलं असतं गं. पण बाबा!

बाबांना आता नावं आठवत नाहीत, चेहरे लक्षात राहत नाहीत, हे तुला माहीतच आहे. माझं मात्र डोकं बघून 'आलं का मेंढरू' म्हणायचे. तेवढी एक खूण होती, ती मी पैसे देऊन पुसून आले. त्या खारट चहाचा घोट घेऊन मला म्हणाले, 'अहो बाई, चहा छान झालाय.' माझ्या धड चहाला त्यांनी उभ्या जन्मात छान म्हटलेलं नाही! 'बाबा, मीच मेंढरू' म्हटलं, तर थट्टा समजून हसले. तेव्हापासून मला बसायला खुर्ची देतात, पंखा लावू का विचारतात, आणि सारखे दारात जाऊन बघतात. 'आमचं मेंढरू अजून आलं नाही हो. आळशी आहे, तोंडाळ आहे, पण मला सोडून राहायची नाही.' काल मीही 'येईल हो काका' म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. (केस ओले होऊ नयेत म्हणून मान मागे टाकून रडावं लागतं.)

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण
(तू तरी ओळखशील ना?)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मिळेल त्या गाडीनं निघून ये. डोक्याला तेल नको, पिना नकोत, आहे तसं जंगल घेऊन ये. बाबा तुला मेंढरू म्हणतील. 'मी थोरली' म्हणून वाद घालू नकोस, 'आले हो बाबा' म्हण. मग चहाला उशीर झाला म्हणून तुला फैलावर घेतील, तेही मुकाट ऐकून घे. मी दाराआड उभी राहून ऐकेन. घरात कुणी मला ओरडत नाही गं आता.

ता. क. पुन्हा. पत्र टाकायचं राहिलं होतं, तोवर आज केस धुतले. धुतल्यावर कानामागची एक बट टुणकन वळली! सलूनवालीच्या इस्त्रीतून सुटली असणार. मी ओल्या डोक्यानं धावत जाऊन बाबांपुढे वाकले. त्यांनी चष्मा लावला, बट बोटाभोवती गुंडाळून नीट पाहिली आणि म्हणाले, 'अहो, हे आमच्या मेंढराचं. तुमच्याकडे कसं?' मग मिशीची कात्री काढून ती कापली आणि चष्म्याच्या घरात जपून ठेवली. म्हणाले, 'ती आली की देईन.'