शिशाचा पट्टा

४ फेब्रुवारी
पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकाची आज पुन्हा कटकट. "मॅडम, तळाला नवीन फरशी आहे. शिसं पडता कामा नये!" अकरा वर्षं हेच ऐकतेय. मी स्कूबा शिकवते की फरशा सांभाळते, देव जाणे.
आठ नव्या विद्यार्थ्यांपुढे तेच पुराण — समुद्रात वर आलात आणि तरंगता येईना, तर बुडी मारायला वजन म्हणून कमरेला बांधलेला शिशाचा पट्टा सोडून द्या. इथे मात्र सोडायचा नाही. बकलला हात लावायचा, 'सोडला' म्हणून हात वर करायचा. झालं! ही युक्ती दादाची. वर्ग आम्ही दोघं भावंडं मिळून चालवतो, पण डोकं त्याचं, घसा माझा.

६ फेब्रुवारी
पाठ मोडून आलीय. लिहवत नाही.

९ फेब्रुवारी
दंतवैद्य हॉस्पिटलात! गेल्या वर्षीचा आमचा विद्यार्थी. वर्गात सगळ्यात पुढे, मीच शाबासकी दिलेली. समुद्रात वर आला तेव्हा टाकीतली हवा संपलेली, त्याच हवेवर फुगणारं तरंगायचं जाकीट फुगेना, गटांगळ्या खायला लागला. बोटवाल्यानं ओढून काढला म्हणून वाचला. पट्टा कमरेला तसाच.
दादा म्हणाला, "घाबरला असेल गं. घाबरल्यावर शिकलेलं सगळं विसरतो माणूस." मला पटलं. खोटं कशाला लिहू — बरंही वाटलं.

१० फेब्रुवारी
हॉस्पिटलात जाऊन आले. तो झोपलेला, नाकात नळी. बायको बाहेर बाकावर बसलेली. मला बघून नुसती सरकली, जागा करून दिली. बोटवालाही आला होता. सारखं एकच सांगत होता, "मॅडम, तीनदा कमरेला हात लावला आणि वर केला. मला वाटलं, सगळं ठीक आहे म्हणताहेत. मीपण हात केला हो!"
काहीही विसरला नव्हता तो. मी शिकवलं तस्संच केलं.

११ फेब्रुवारी
दूध उतू गेलं. समोर उभी होते, तरी.

१३ फेब्रुवारी
दादाशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना कळवू — चुकीचं शिकवलंय, परत या. तो खवळला. "वेड लागलंय का तुला? कोर्टात खेचतील!" मी म्हटलं, खेचू देत. दादाला असं उलटून आयुष्यात कधी बोलले नव्हते. तो चप्पल घालून निघून गेला.
तीनशे बारा जण! आत्ता, या घटकेला, त्यातलं कोण पाण्यात असेल?

१४ फेब्रुवारी
सगळ्यांना निरोप पाठवला. संध्याकाळी दादा आला, यादीतले जुने फोन नंबर शोधत बसला.

१६ फेब्रुवारी
व्यवस्थापकाला विचारलं, तळाला जाड रबरी चटई टाकली तर? म्हणाला, "टाका की!"
एवढंच होतं? अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. रागही आता येत नाही. नुसता थकवा.

१७ फेब्रुवारी
जुने विद्यार्थी उद्यापासून येणार. आज तळाला चटई टाकली आणि आधी मी उतरले, दादा शेजारी. त्याला सांगून ठेवलं होतं, मला कळू न देता हवा बंद कर. त्यानं केली. सोड पट्टा, मी मनात ओरडले.
हात बकलला लागला आणि वर आला.