न उडालेलं यान

प्रिय आईस, दुरूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

आमचं यान उडणार नाही, असं काल साहेबांनी सांगितलं. अवकाशात भरकटणारे बंद पडलेले उपग्रह ते खाली ओढून आणणार होतं. ते चालू उपग्रहांवर आदळण्याचा धोका सगळ्यांनाच मान्य आहे. पण आपल्या पैशाने दुसऱ्याचाही रस्ता साफ होणार म्हटल्यावर खर्च कुणीच उचलेना.

याच्याच चाचणीपायी मी बाबांच्या शेवटच्या दिवसांत आले नाही. "काम मोठं आहे, तू थांब," असं तेच फोनवर म्हणाले होते. आज यानावर कापड घालताना मला दोरीची गाठ जमेना. आमच्या वेल्डरकाकांनी ती बांधून दिली.

दादाला इतक्यात सांगू नकोस. मी रविवारी येते. तोवर बाबांची खोली आवरू नकोस. मला ती आहे तशी बघायची आहे.

तुझीच,
धाकटी