माजघरातला समुद्र

अण्णा,

आज दुपारी जेवून जरा आडवी झाले होते. डोळा लागता लागता भिंतीवर तो हिरवट उजेड हलताना दिसला. इथे पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, हलतं पाणी कुठून येणार? समोरच्या गच्चीवर कुणी पिंप भरत असेल, त्याची तिरीप पडली असेल. उठून बघावं असं मात्र वाटलं नाही. महाडच्या माजघरात पडलेय अशी पडून राहिले आणि नळीतल्या बुडबुड्यांच्या आवाजाला कान लावला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी दुकानातल्या काच कापायच्या हिरकणीचा आवाज आठवावा लागतो. काचेवरून ती ओढलीत की बारीक कर्र व्हायचं, आणि मग त्या आवाजामागून तुम्ही येता, चष्मा कपाळावर चढवलेला, बोटांना काचा बसवायची लांबी लागलेली.

मी तेव्हा सातवी फायनलला होते. आदल्या ज्येष्ठात आईचे वडील गेले. बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी तिचं माहेर, महाडहून तसं लांब नाही, पण पावसाळ्यात लाँच बंद आणि सावित्री नदीला पूर. सांगावा आला तोवर तिकडे तेरावं उरकलं होतं. पावसाळा संपल्यावर मामांनी घर विकलं आणि बिऱ्हाड मुंबईला हलवलं. आईनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला बसली. त्यानंतर ती कामापुरतंच बोलू लागली. मीठ संपलंय. पोरी, दिवा पूस. एवढंच. शेजारच्या काकू म्हणायच्या, रडली असती तर मोकळी झाली असती. माणसांशी बोलायचं काम तुम्हाला कधी जमलंच नाही. देवांच्या तसबिरींना चौकटी बसवता बसवता गणपतीशी मात्र तास-तासभर पुटपुटत असायचात.

मग तो उमरठचा चाकरमानी दुकानात आला. मुंबईत गिरणीत होता, रजेवर आलेला. त्याच्याजवळ मत्स्यालयाचं एक छापील रंगीत चित्र होतं आणि ते त्याला चौकटीत हवं होतं. मी डबा घेऊन आले होते, म्हणून ऐकलं. "अण्णाशेट, काय सांगू, अख्खा समुंदर हाय आत. काचंच्या पल्याड मासं आन् अल्याड आपण. मशीन लावून हवा सोडत्यात, नायतर गुदमरत्यात बिचारे." तुम्ही विचारलंत, "पाणी खारं असतं?" तो म्हणाला, "खारं नायतर काय गोडं? समुंदर हाय तो." त्या चित्राची चौकट तुम्ही इतके दिवस रखडवलीत की शेवटी तो माणूस ती न घेताच मुंबईला परत गेला. चित्र आपल्याकडे राहिलं.

तुम्ही काय करताय ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, पण महाडच्या बाजारात काय लपतं? हलवायाच्या शोकेसची तडा गेलेली जाड काच तुम्ही त्याच्याकडून मागून आणलीत आणि तडा वगळून तुकडे कापलेत. लोहाराकडून टाकीसाठी जुन्या पट्ट्यांचा सांगाडा करून घेतलात आणि खाऱ्या पाण्यानं गंजू नये म्हणून त्याला डांबर फासलंत. सांधे भरायला लांबी तुमच्याजवळ होतीच. विहिरीचं पाणी भरून पाहिलंत, तर सगळं दुकानभर. पुन्हा लांबी, पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. गिऱ्हाईकं दारातून विचारायची, "अण्णा, विहीर बांधताय की तळं?" तुम्ही हूं करायचात. मला वाटतं तुम्हाला मजा येत होती. कशेडी घाट उतरून आलेल्या ट्रकांची पंक्चरं काढणाऱ्याकडून तुम्ही एक बाद ट्यूब आणलीत, तिला ठिगळं लावून घेतलीत आणि सायकलच्या पंपानं फुगवलीत. तिच्या तोंडाला दवाखान्यातल्या कंपाउंडरकडची एनिमाची नळी जोडलीत. नळी कोरी आहे असं त्यानं शपथेवर सांगितलं होतं. नळीला कपड्यांचा चिमटा लावला, टोकाला वेताचा तुकडा बसवला, म्हणजे हवा एकदम न जाता बारीक बुडबुडे होऊन जाते. रोज सकाळी पंप मारायचं काम माझं. ट्रकच्या चाकातली हवा आमच्या समुद्राला श्वास देते असं मी वर्गात सांगितलं, तर सगळ्या पोरी हसल्या.

पाण्यानं मात्र घाम काढला. पहिलं पाणी तुम्ही रॉकेलच्या धुतलेल्या डब्यांतून मागवलंत. धुतले तरी डबे ते रॉकेलचेच. वर तवंग आला आणि लाँचवाल्या तांडेलानं सोबत दिलेले मासे संध्याकाळपर्यंत उलटे झाले. तांडेल दासगावला लाँचच्या धक्क्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "अण्णा, डब्यातून नको, चिनी मातीच्या बरण्या द्या. आन् खाडीचं पानी नाय चालायचं, मी भायेरचं आणतो, भरतीचं." बरण्या म्हणजे लोणच्याच्या. तुम्ही आईकडे मागायला धजावला नाहीत, मला पाठवलंत. आईनं का म्हणून विचारलं नाही. लोणचं पातेल्यात काढलं, बरण्या राखेनं घासल्या, उन्हात उपड्या घातल्या आणि माझ्या हातात दिल्या. त्या वर्षी लोणच्याला बुरशी आली आणि तुम्ही ती बाजूला सारून निमूट खाल्लंत.

तर असा तो समुद्र आला, बरण्यांतून, दासगावहून बैलगाडीनं. तळाशी शिंपल्यांचा चुरा मिसळलेली पांढरी वाळू, त्यावर खडक, आणि खडकांना चिकटून काय काय जिवंत. दोन दिवस पाणी गढूळ राहिलं, मग एका सकाळी नितळलं आणि खडकावर एक समुद्रफूल उमललेलं दिसलं, तपकिरी पाकळ्यांचं, आपल्याच तंद्रीत डोलणारं. काळे-पिवळे चिमुकले मासे होते. एक तारामासा होता, तो दिवसभरात वीतभर सरकायचा. आणि शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा होता, त्याला सगळ्या टाकीत कुठेच बरं वाटत नसे. टाकी माजघरात मागच्या खिडकीशी ठेवलीत. दुपारी ऊन कलतं, पाण्यातून जातं आणि समोरच्या भिंतीवर हलतं. आई तांदूळ निवडतेय, तिच्या पदरावर ते हलतं. मी पुस्तक उघडं टाकून बघतेय, बुडबुडे वर येतायत, आणि मला कळत नाही की आम्ही पाण्याबाहेर आहोत की आत.

तुम्ही रोज जेवायला यायचात आणि चोरून आईकडे बघायचात. ती टाकीकडे बघायची, पण बोलायची नाही. उन्हाळ्यात पाणी आटायला लागलं की तुम्ही बरणीतलं समुद्राचं पाणी वर घालायचात. समुद्र कमी झाला तर समुद्रच घालायचा, दुसरं काय सुचणार डोंगराकडच्या माणसाला? मासे सुस्तावले. फूल मिटून बसलं. मग एक दिवस आई उठली, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "कडूजार झालंय हे," ती म्हणाली. "आमचा समुद्र असा नाय लागत. मीठ काय उडून जातं होय? विहिरीचं घाला तांब्याभर." तुमचा घास हातातच राहिला होता, अण्णा. तुम्ही विहिरीचं पाणी आणायला असे धावलात की चूळ भरायची राहिली. त्या दिवसापासून रोज सकाळी आई पाणी चाखायची आणि ठरवायची. आणि चाखता चाखता एखादं वाक्य सांडायचं. आमच्याकडे याला अमकं म्हणतात. माझे बाबा असा खेकडा तळहातावर ठेवायचे. तुम्ही ती वाक्यं वेचत दारात उभे असायचात, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं.

श्रावण आला. लाँच केव्हाच बंद झाली होती. नारळी पौर्णिमेला सकाळी आईनं न्हाऊन तिच्या वडिलांनी दिलेलं हिरवं लुगडं नेसलं. माहेरी असती तर आज समुद्रावर गेली असती. शेजारच्या बायकाही ताटं घेऊन आल्या. महाडात बसल्या जागी सागराची पूजा कुणाला मिळते? आईनं टाकीची ओटी भरली. हळद, कुंकू, तांदूळ, नारळ, सगळं रीतीप्रमाणे पाण्यात. तिच्या मागून बाकीच्यांनी. कुंकवाच्या रेषा पाण्यात उतरत गेल्या, वळत गेल्या, आणि काय सांगू, फार सुंदर दिसलं ते. तुम्ही दारात होतात. तुम्हाला दिसत होतं काय होणार ते, मी तुमचा चेहरा बघितला. पण आई वर्षानं सवाष्णींत बसून बोलत होती, आणि तुम्ही तिला थांबवलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाणी नासलं. फूल सुटून तळाला पडलं होतं, मासे तरंगत होते. त्यातून एक तो खेकडा वाचला, त्याला शिल्लक राहिलेल्या अर्ध्या बरणी समुद्राच्या पाण्यात ठेवलं. आई टाकीसमोर बसली आणि रडली. सव्वा वर्षाचं रडली. "बाबांना पानी पाजायला नाय मिळालं, आन् हे माझ्याच हातानं मारलं," एवढंच म्हणत होती. काकू म्हणाल्या तसं ती मोकळी मात्र झाली नाही, संध्याकाळी पुन्हा गप्प झाली. बरणीतला खेकडाही शंखाबाहेर येईना.

मग एका पहाटे तुम्ही मला उठवलंत. दुकानाच्या मागच्या पडवीत माठ भरून विहिरीचं पाणी होतं आणि तुम्ही मूठ मूठ जाडं मीठ त्यात टाकत होतात, कोपरापर्यंत हात घालून ढवळत होतात, फडक्यातून गाळत होतात. "आईला सांगायचं, तांडेलानं दासगावहून पाठवलंय," तुम्ही म्हणालात. इतकं लांबलचक वाक्य तुम्ही माझ्याशी क्वचितच बोललात. आपण दोघांनी धुतलेल्या टाकीत पाणी ओतलं. आई आली. बोट बुडवलं, जिभेला लावलं. तुम्ही पंपाशी उगाच खाटखूट करत होतात, पाठमोरे. तिनं तेच बोट पुन्हा एकदा चाखलं. मग म्हणाली, "हां. आमच्याकडचंच हाय. तुम्ही दुकान उघडा जा, खेकडा मी सोडते सावकाश." तुमचे खांदे खाली आले ते मी पाहिलं. तो खेकडा लाँच सुरू होऊन खरं पाणी येईपर्यंत जगला, आणि तुम्ही जन्मभर ते तांडेलाचं पाणी सांगत राहिलात.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आईला सहज म्हटलं, अण्णांनी त्या श्रावणात काय केलं होतं, सांगू? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "श्रावणात सावित्री तांबडीलाल वाहते, गो. दासगावला एवढं नितळ पानी कुठनं येणार?" मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मिठानं हाताची सालं निघाली होती त्यांच्या. त्यावर काय बोलायचं?"

ती तुम्हाला कधी बोलली नाही. आता ती तिकडेच आहे, तुमच्याजवळ, आणि तिथेही बोलली नसेल. मग मी कोण सांगणारी? म्हणून हे पत्र पाठवायचं नाही असं लिहायला बसतानाच ठरवलं होतं. पत्ता असता तरी नसतं पाठवलं.

फक्त एक गोष्ट मनात अडकून बसलीय. तुमच्या त्या समुद्रात मीठ फार झालं होतं, अण्णा. तुम्ही दुकानात गेलात, आणि आईनं विहिरीचं पाणी आणून तांब्या तांब्या वर घातलं. घालायची, चाखायची, तोंड वाकडं करायची, पुन्हा घालायची. आणि हसत होती, मी दाराआडून बघितलं, तेव्हा का ते कळलं नाही. पदर तोंडाला लावून, एकटीच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तेवढं तुम्हाला कळायला हवं होतं. पण ते सांगायचं तर बाकीचं सगळं सांगावं लागतं.